डाव्या हाताचं भविष्य

वर्लिन कुचेराला मिळवायचं होतं ते असं: धाकट्या मुलीचं चार वर्षांचं विद्यापीठ राहण्याजेवणासकट फुकट, लिंकनच्या मोठ्या क्रीडागृहात पालकांच्या राखीव रांगेतली एक खुर्ची, पाठीवर ‘कुचेरा’ असं ठळक लिहिलेलं लाल जाकीट, आणि शनिवारी सकाळी धान्यकोठारातल्या कॉफीच्या टेबलाशी तो आला की बसलेल्यांनी सरकून जागा करणं. यातली पहिली बाब तो बायकोला सांगे. दुसरी आणि तिसरी तो गाडी चालवताना स्वतःला सांगे. चौथी तो कुणालाच सांगत नसे. पण मी या गावात पुष्कळ वर्षं काढली आहेत, आणि माझ्या मते सगळा खटाटोप त्या चौथीसाठी होता.

या व्यवहारात भांडवल म्हणून लावली होती ती ब्रिटाची हाडं. ब्रिटा बारा वर्षांची होती.

नेब्रास्कातल्या आमच्या कॉटनफोर्डमध्ये मक्याखालोखाल कशाचं पीक येत असेल, तर व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचं. मुलगी अकरा वर्षांची झाली की वाढदिवसाच्या आठवड्यातच तिला काउंटीच्या इस्पितळात न्यायचं आणि तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढून घ्यायचा, ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नाही. उजवा नाही, डावाच. कारण डॉक्टरांच्या पुस्तकातली चित्रं डाव्या हाताची आहेत. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कुर्चेची पट्टी असते. फोटोत तिथे काळी फट दिसते. मूल मोठं होत जातं तशा या फटी एकामागून एक भरत जातात, आणि सगळ्या भरल्या की उंची थांबते. कुठल्या फटी भरल्या, कुठल्या उघड्या आहेत, हे पुस्तकातल्या चित्रांशी ताडून डॉक्टर सांगतात की हाडाचं वय किती, आणि मग एका कोष्टकावरून सांगतात की पोरगी शेवटी किती उंच होणार. गावात याला नुसतं ‘आकडा’ म्हणतात.

कुणाचा आकडा काय आला, हे लोक चर्चच्या पायरीवर हवामान विचारावं तसं विचारत. पाच फूट अकराच्या वर आला की आजी केक करी. पाच फूट सहाच्या खाली आला की शेजारीपाजारी सुतकाला आल्यासारखे हळू आवाजात बोलत. व्हॉलीबॉल क्लबच्या निवडीच्या दिवशी तिथले कोच डॉर्न मुलीचं नाव विचारण्याआधी तिच्या बापाला विचारत, “आकडा?” हात बघून भविष्य सांगणाऱ्यांना बिचाऱ्यांना तळव्यावरच्या रेषांवर भागवावं लागतं. आमच्याकडे कातडी बाजूला सारून आतली हाडंच वाचली जात, त्यामुळे त्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नसे.

हे वाचन करत डॉ. लिओना हाउझर. बाई विद्वान, हात सावध. प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या ओळीत त्या न चुकता लिहीत की हा अंदाज आहे, दोन इंच इकडे किंवा तिकडे होऊ शकतो. ती ओळ लिहिली की डॉक्टरांचं मन स्वच्छ होई. ती ओळ वाचली नाही की गावाचं मन स्वच्छ राही. दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं समाधानात होते.

कुचेरांच्या घरात हा आकडा दोनदा आला होता. थोरल्या मॅरेनचा तीन वर्षांपूर्वी: पाच फूट पाच. मॅरेनला हा खेळ वेड लागल्यासारखा आवडे. झोपेत ती पलंगाच्या दांडीवर हात आपटी. आकडा आला त्या संध्याकाळी ती गराजमध्ये बांधलेल्या जाळ्यापुढे उड्या मारत होती. वर्लिननं तिला हाक मारून आत बोलावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शाळेत खेळत जा हं. मजा म्हणून.” तिचं नाव क्लबच्या यादीतून कमी झालं. त्यानंतर तिच्या सामन्यांना तो दोनदा गेला, आणि एकदा अर्ध्यातून उठला.

त्यानंतर दीड वर्षानं ब्रिटाचा आकडा आला: सहा फूट एक. ब्रिटाला वासरांचं वेड होतं, काउंटीच्या जत्रेत वासरू दाखवायचं होतं. पण वासराला रोज वेळ द्यावा लागतो. वासरू विकलं आणि गराजमधलं जाळं आणखी उंच बांधलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी चौघं जेवायला बसली होती. वर्लिनची बायको जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिथे खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले होते, आणि घरीही तेच होतं, कारण उरलेलं टाकणं तिच्या जिवावर यायचं.

“ब्रिटा, सरळ बस,” वर्लिन म्हणाला.

“दुखतंय, डॅड.”

“कुठे?”

“मागे. खाली. पट्टा बांधतो तिथे.”

वर्लिननं चमचा खाली ठेवला. कुठल्याही बापाचा चेहरा अशा वेळी उतरेल. याचा उजळला. “ऐकलंस, जोलीन? येतोय बघ.”

“काय येतोय?” मॅरेननं विचारलं.

“आकडा. हाडं ताणतायत आतून. सहा-एक काही आभाळातून पडत नाही, बाळा. दुखल्याशिवाय कोण वाढलंय?”

हा एकट्या वर्लिनचा वेडेपणा नव्हता. आकड्याच्या पोरींचं अंग दुखू लागलं की कॉटनफोर्डमध्ये ते शुभवर्तमान समजत. पाय दुखतात, उत्तम; कंबर दुखते, फारच उत्तम, कंबर म्हणजे धडाची वाढ. मुली रडत आणि आया मैत्रिणींना फोन करून सांगत.

“दोन महिने झाले रे तिला दुखतंय,” जोलीन म्हणाली.

“तेच तर! दोन महिने सलग. गेल्या वर्षी ओल्सेनांच्या पोरीला जेमतेम तीन आठवडे दुखलं, आणि बघ, अडकली पाच-दहाला.”

“मला कध्धी काही दुखत नाही,” मॅरेन रोल फाडत म्हणाली. “अर्थात मी बुटकी ना. बुटक्यांना दुखायचा हक्क नसतो.”

“मॅरेन, तोंड आवर.”

“आवरलं. राणीसरकारांना आणखी चिली वाढू का? पाठीखाली उशी? की चवरी ढाळू?”

“मॉम, हिला सांग ना!” ब्रिटा रडवेली झाली.

जोलीननं पाणी ओतलं. घरात भांडण उभं राहिलं की पाणी ओतायचं, हा तिचा वीस वर्षांचा तोडगा होता, आणि त्यानं आजवर एकही आग विझली नव्हती.

मॅरेन दुष्ट नव्हती. पण आपल्या ताटातलं उचलून बहिणीच्या ताटात वाढलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बापावर राग काढायची सोय नसल्यामुळे ती तो ब्रिटावर काढे. सकाळी शाळेला निघताना ब्रिटा पायऱ्यांवर बसून राही आणि मॅरेन तिच्यापुढे उकिडवी बसे.

“कर पाय पुढे, सहा-एक. हात काय क्लबनं जमा करून घेतलेत तुझे? स्वतःच्या नाड्या बांधता येत नाहीत?”

“वाकता येत नाही गं.”

“नाटकं.”

मॅरेननं वर पाहिलं, तर पोरीनं ओठ इतका चावला होता की त्यावर रक्त आलं होतं. मॅरेननं दुसऱ्या बुटाची नाडी जरा सैल बांधली. घरात कुणाला सांगितलं नाही, सांगायचं कुणाला? त्या दिवसापासून टोमणे मारत का होईना, पण रोज ती न सांगता खाली बसू लागली.

क्लबमध्ये कोच डॉर्न यांचं याबाबतीतलं शास्त्र एका वाक्याचं होतं. गुरुवारी सरावात सर्व्हिस मारताना ब्रिटा मागे वाकली आणि तशीच गुडघ्यावर बसली, तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवून ते सगळ्यांदेखत ऐकवलं.

“कुचेरा! दुखणं वेगळं, मोडणं वेगळं. काय झालंय तुझं?”

“दुखतंय, कोच.”

“मोडलंय का?”

“माहीत नाही, कोच.”

“मोडलेलं माणसाला माहीत असतं. ऊठ. शनिवारी कान्सास सिटीतल्या स्पर्धेला लिंकनच्या विद्यापीठाची माणसं येणार आहेत. ती गुडघ्यावर बसलेल्या पोरी बघायला पेट्रोल जाळत नाहीत.” मग त्यांनी कठड्याशी उभ्या असलेल्या वर्लिनला बोलावलं. “वर्लिन, हिचा आकडा जुना झाला. ताजा आणून दे. अजून चढला असेल तर मला तो सांगायचाय त्यांना.”

“उद्याच आणतो, कोच.”

म्हणजे पाहा, ब्रिटाला इस्पितळात नेलं ते कमरेसाठी नाही. तिला नेलं ते पुन्हा हाताचा फोटो काढायला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर जोलीन दोघींना घेऊन गेली. मॅरेनला वाटेत सोडायचं होतं, पण वेळ नव्हता. डाव्या हाताचा फोटो झाला. हात एक्स-रेच्या पाटीवर ठेवायला ब्रिटाला स्टुलावर बसायचं होतं. ती बसली नाही, उभ्यानंच तिरकी होऊन हात ठेवला. डॉ. हाउझर आपल्या खोलीकडे जात होत्या, त्या दारात थांबल्या.

“बसत का नाही ही?”

“वाढतेय ना, डॉक,” जोलीन म्हणाली. “अंग अवघडतं.”

“डॉक, हाताचं राहू द्या,” मॅरेन भिंतीला टेकून उभी होती, तिथूनच म्हणाली. “हिची कंबर बघा. दोन आठवडे झाले, हिनं स्वतःच्या बुटांना हात लावलेला नाही.”

“मॅरेन! उगाच काहीतरी...”

“तू बांधतेस नाड्या, मॉम? की मी?”

डॉक्टरांनी ब्रिटाला एका पायावर उभं राहायला सांगितलं आणि म्हणाल्या, “आता जरा मागे वाक.” ब्रिटा जेमतेम वाकली आणि अशी ओरडली, की कॉरिडॉरमधून औषधांची गाडी नेणारी बाई जागच्या जागी थांबली. दुसऱ्या पायावरही तेच.

कमरेचे फोटो निघाले: एक समोरून, एक बाजूनं, दोन तिरपे. डॉ. हाउझर यांनी मुलींना बाहेर बसवलं आणि जोलीनला पडद्यापुढे आणलं.

“हा बाजूचा. मणके विटांसारखे एकावर एक असतात. ही सगळ्यांत खालची वीट बघा. हिच्याखालच्या हाडाच्या कडेशी हिची कड जुळली पाहिजे. जुळत नाही. हिच्यासकट वरचा सगळा ढीग त्या हाडावरून थोडा पुढे घसरलाय.”

जोलीनला ते दिसलं. नसतं दिसलं तर बरं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“आता हा तिरपा. तिरपं बघितलं की मणक्याची मागची बाजू छोट्या केसाळ कुत्र्यासारखी दिसते. हे नाक, हा कान, हा पुढचा पाय. प्रत्येक मणक्यात एक कुत्रा. वरच्या चौघांचे गळे बघा, अखंड पांढरे. पाचव्याच्या गळ्यात काळा पट्टा दिसतोय?”

“हो.”

“पट्टा म्हणजे तिथे हाड नाही. तुटलंय. दुसऱ्या तिरप्या फोटोतही तेच, म्हणजे दोन्ही बाजूंनी. तार एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलं की ती एक दिवस तुटते ना, तसं. सर्व्हिससाठी मागे वाकायचं, उडी, मागे वाकायचं, उडी. कोवळं हाड किती सोसणार?”

“पण... ती वाढ...” जोलीन म्हणाली. ज्या रात्री पोर कण्हत होती, त्या रात्री हिनं बहिणीला फोन करून आनंदानं सांगितलं होतं, आणि ते तिला आता आठवलं होतं.

वर्लिन कामावरून परस्पर आला. शेतीला पाणी देणाऱ्या फिरत्या यंत्रांचे सुटे भाग विकण्याचा त्याचा धंदा. हाताला वंगण तसंच होतं. जोलीननं पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून त्याला पाठवले होते. त्यानं ते कोचला पाठवले होते, कोचनं ओमाहातल्या आपल्या एका ओळखीच्या डॉक्टराला, आणि वर्लिन इस्पितळाच्या दारात पोचायच्या आत उत्तरही आलं होतं. प्रगती म्हणतात ती हीच.

“तुटलंबिटलं काही नाहीये,” खोलीत शिरतानाच तो म्हणाला आणि मोबाइल पुढे धरला. “हे वाचा. ‘जन्मजात असू शकतं. त्रास सोसत असेल तर खेळायला हरकत नाही.’ मोठ्या शहरातला डॉक्टर आहे. हाडांचाच.”

“असू शकतं,” डॉ. हाउझर म्हणाल्या. “काही माणसांत ही फट अगदी लहानपणापासून असते आणि त्यांना जन्मभर पत्ता नसतो. तो गृहस्थ खोटं बोलत नाहीये, वर्लिन. त्यानं पोरगी बघितली नाही. आणि हेही बघितलं नाही.”

त्यांनी जुना फोटो काढला. ब्रिटा नऊ वर्षांची असताना गवताच्या गंजीवरून पडली होती, तेव्हा काय मोडलं ते बघायला कमरेचे असेच फोटो काढले होते. काहीच मोडलं नव्हतं, म्हणून सगळे ते विसरले होते. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्यात पाचही कुत्रे मोकळ्या गळ्यानं बसले होते. पाचही विटा एका रांगेत.

“जन्मजात असतं तर इथे दिसलं असतं. हे या तीन वर्षांत झालंय. या तीन वर्षांत हिनं काय केलं ते तुम्ही मला सांगा.”

वर्लिननं वंगणाचं बोट आधी जुन्या फोटोवर ठेवलं, मग नव्या. तो मूर्ख नव्हता. यंत्रांचे नकाशे वाचून पोट भरणारा माणूस. जुना आणि नवा भाग शेजारी ठेवले की झीज कुठे झाली हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळे. त्याला कळलं. अज्ञानाचा फायदा मी त्याला देऊ शकलो असतो तर माझी ही गोष्ट सोपी झाली असती. पण त्याला कळलं, आणि कळल्यावर तो म्हणाला:

“एवढा शनिवार जाऊ दे, डॉक. सोमवारपासून तुम्ही म्हणाल ते.”

“काय?” जोलीन म्हणाली.

“एकच शनिवार. दोन महिने तशीच खेळलीय ना ती? आणखी एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे? लिंकनची माणसं रोज येत नाहीत, जोलीन.”

“घसरण वाढली तर पायाच्या नसा चिमटतील,” डॉक्टर म्हणाल्या. “मग तुम्ही तिला व्हॉलीबॉलला नाही, संडासाला कसं न्यायचं त्याचा विचार करत बसाल. ऐका. उद्या ही पोर मैदानात उतरल्याचं मला कळलं, तर मी काउंटीच्या बालसंरक्षण कचेरीत फोन करणार. सोमवारी नाही. उद्याच.”

वर्लिनचा चेहरा लाल झाला. “तुम्ही? तुम्ही फोन करणार? अकरा वर्षं आमच्या पोरींचे हात बघून आकडे कुणी दिले? मी काढले का? आता तुम्ही आम्हाला शिकवणार?”

“मीच दिले. शेवटच्या ओळीत शेपूट लावत होते आणि ते कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं,” डॉ. हाउझर म्हणाल्या. “आजपासून एकही देणार नाही. मूल खरंच आजारी असेल तर हात बघेन. क्लबसाठी नाही.”

“मग दुसरीकडे जातील लोक.”

“जातील.”

बाहेर आवाज गेला होता. मॅरेन दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे भिंत धरून ब्रिटा. वर्लिन काही तरी सणसणीत बोलायला वळला, आणि त्याची नजर मॅरेनवर पडली, आणि तिथेच राहिली. तिच्याकडे बघायला त्याला मान खाली करावी लागली नव्हती.

“मॅरेन,” तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “सरळ उभी राहा बघू.”

“कशाला?”

“उंची किती तुझी?”

“मला काय माहीत? पाच-पाच सांगितली होती तुम्ही.”

“पाच-पाच कसली! पाच-आठ आहेस तू. जास्तच. जोलीन, बघितलंस? दोन इंच इकडेतिकडे म्हणाल्या होत्या ना डॉक? तीन इंच वर गेलीय ही!” शेवटची ओळ त्यानं वाचली होती तर, गरज पडेपर्यंत बाजूला ठेवली होती एवढंच. “डॉक, हिचा हात काढा. आत्ता. किती फटी उघड्या आहेत बघू. अजून चढणार असेल तर उद्या हिला घेऊन जातो. कोचला मी सांगतो. ब्रिटा आराम करेल, मॅरेनला तिची जागा मिळेल. सगळ्यांचंच भलं.”

हा माणूस पोरींवर प्रेम करत नव्हता असं कुणी म्हणू नये. शेतकरी एक रान पडीक टाकून दुसऱ्यात नांगर घालतो, तेव्हा त्याचंही दोन्ही रानांवर प्रेम असतं.

शेजारच्या खोलीत पाटी तशीच होती, ब्रिटानं मघाशी हात ठेवलेली. मॅरेननं तिकडे पाहिलं. तीन वर्षं तिनं ज्या हाकेची वाट पाहिली होती ती हाक आली होती. तिला तो गणवेश हवा होता, तो घाम हवा होता, जाळ्यावरून चेंडू खाली मारताना होणारा आवाज हवा होता, आणि कठड्याशी उभा असलेला बाप हवा होता. यातलं काही तिला नको होतं असं समजलात, तर पुढच्या गोष्टीला काही अर्थ उरत नाही.

“दे ना, मॅरेन,” मागून ब्रिटा हळूच म्हणाली. “तू दे हात. म्हणजे मला जावं लागणार नाही.”

मॅरेननं बहिणीकडे पाहिलं. “आणि माझी कंबर मोडली की? तोपर्यंत तुझी जुळली असेल. मग परत तुझी पाळी?”

“असं कुणी म्हणतंय का?” वर्लिन म्हणाला.

“मी देणार नाही हात.”

“तुला खेळायचं होतं! रडली होतीस तू!”

“अजूनही खेळायचंय. शाळेत खेळेन. तिथे हात बघत नाहीत.”

“शाळेत बघायला येतं कोण?”

“तुम्ही या,” मॅरेन म्हणाली.

वर्लिन धमकीवर आला. “ठीक. तू नाही तर ब्रिटा. उद्या ती उतरेल, मग डॉक खुशाल फोन करू देत. ठरव. बहिणीची फार दया येतेय ना तुला?”

आजवर जोलीननं पाणी ओतलं असतं. इथे पाण्याचा जग नव्हता, ग्लास नव्हता. तिनं खांद्यावर पर्स टाकली आणि मुलींना म्हणाली, “चला.”

“कुठे?” वर्लिननं विचारलं.

“माझ्या बहिणीकडे. सोमवारी येऊ. नाहीतर नाही येऊ.”

“आणि कान्सास सिटी?”

“हॉटेलचे पैसे भरलेत ना? तू जा. झोप तिथे.”

तिनं ब्रिटाला आधार देऊन गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं. मॅरेन पुढे बसली. वर्लिन इस्पितळाच्या दारात उभा राहून मोबाइल कानाला लावत होता.

आणि तो कान्सास सिटीला खरंच गेला. दुसऱ्यांच्या पोरींचे सामने त्यानं दोन दिवस बघितले, मोठ्यानं ओरडला, आणि परत येताना एका बापानं त्याला समजावलं की बायकांना खेळातलं कळत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. डॉ. हाउझर यांनी शब्द पाळला. क्लबसाठी हात बघणार नाही, असं त्यांनी पालकसभेत उभं राहून सांगितलं, आणि का ते सांगायला लागल्या तेव्हा मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. “पोरींचं भविष्य तुमच्या हातात होतं, तुम्ही ते गटारात टाकलंत,” असं एका आईनं त्यांना किराणा दुकानात, अंड्यांच्या कपाटापुढे, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आकडा हवा असलेले लोक आता शेजारच्या काउंटीत जातात. तिथे शेवटची ओळही लिहीत नाहीत म्हणे, त्यामुळे तिथली गर्दी वाढली आहे. डॉक्टरांनी शाळेत पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली. जुने-नवे नमुन्याचे फोटो शेजारी लावून कोवळं हाड कसं तुटतं ते दाखवणार होत्या. तीन जण आले. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा ठेवली. पाच आले. त्या म्हणतात, दर महिन्याला ठेवणार, एक आला तरी.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे त्या लोकांचं वेड, आपल्याला काय? बरोबर. फक्त आज रात्री जेवताना आपल्या पोरांकडे एकदा बघा, आणि कुणाचा कसला आकडा तुमच्या मनात ठरून बसलाय, आणि त्यावरून कुणाच्या ताटातलं कुणाच्या ताटात जातंय, ते स्वतःशीच विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

आता या व्यवहाराची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते मांडतो. कोच डॉर्न यांनी काही भरलं नाही. ब्रिटाची जागा रविवारी दुपारीच भरली गेली. ओमाहाच्या डॉक्टरांनी काही भरलं नाही, त्यांनी ‘असू शकतं’ एवढंच म्हटलं होतं. जोलीन सोमवारी परत आली. घरात ती आणि वर्लिन मुलींमार्फत बोलतात, हे त्या दोघांनी निम्मं निम्मं भरलं. मॅरेननं क्लबची सगळी वर्षं भरली. ती शाळेच्या संघात खेळते, चांगली खेळते, आणि बघायला लिंकनहून कुणी येत नाही.

उरलेलं सगळं ज्या जिवाला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याच्याकडून वसूल झालं. ब्रिटा सहा महिने काखेपासून कमरेपर्यंतच्या कडक पट्ट्यात वावरली. हाड एका बाजूनं सांधलं, दुसऱ्या बाजूनं नाही. मणका जिथवर घसरला तिथवर घसरला. डॉक्टर म्हणतात, तो मागे येत नसतो.